नरो वा गुडघा वा

डोंगर पायांनी चढण्याआधी तो कागदावर चढावा लागतो, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. कागदावरचा डोंगर फार प्रेमळ असतो. धाप लागत नाही, घोटा मुरगळत नाही आणि जेवणाच्या सुट्टीत अर्ध्या तासात दोन किल्ले पालथे घालून, वर दहीभात खाऊन माणूस वेळेवर काउंटरवर येऊन बसतो. आम्ही चौघांनी सलग तीन आठवडे हा पराक्रम रोज केला. तेवढ्यावरच थांबलो असतो तर पुढचा नैतिक प्रश्न उद्भवलाच नसता. पण आमच्यातल्या एकाने उत्साहाच्या भरात तारीख ठरवली. तारीख ठरली की कोणतीही सुंदर कल्पना बिघडायला लागते. लग्न झालेल्यांना हे समजावून सांगायला नको.

सुरुवात झाली ती आमच्या शाखेत भरलेल्या आरोग्य तपासणी शिबिरामुळे. एरवी ठेवी वाढत नाहीत म्हणून वरून पत्रांवर पत्रं येतात. त्या दिवशी मात्र माझ्या एकट्याच्या नावावर साखर, वजन आणि कोलेस्टेरॉल अशा तीन ठेवी भरघोस वाढलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, "चालत जा." मी विचारलं, "कुठे?" यावर ते हसले. मला खरोखरच माहिती हवी होती. आपला माणूस कारणाशिवाय चालत नाही. दळण, भाजी, गॅसचा नंबर, अगदीच नाही तर कुणाचं तरी वारलेलं, असं काहीतरी लागतं. नुसतं चालण्यासाठी चालायचं म्हणजे नुसतं खर्चण्यासाठी खर्च करण्यासारखं वाटतं.

तेव्हा आमचा तरुण पासिंग ऑफिसर म्हणाला, "आपण एखादा किल्ला करू या." ही नवी भाषा. आमच्या लहानपणी दिवाळीत अंगणात माती कालवून किल्ला करत असत. आता दुसऱ्याने केलेल्या किल्ल्यावर नुसतं जाऊन यायचं, त्याला 'किल्ला करणं' म्हणतात. असो. कोणता करायचा यावर पहिला आठवडा गेला. सिंहगड मी फेटाळला. माझ्या सासूबाई अधूनमधून रविवारी सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन येतात. तिथे मला धाप लागली असती तर घरात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. राजगडाला आम्ही लांबूनच मुजरा केला. शेवटी कर्ज विभागातल्या मित्राने लोहगड-विसापूरची जोडी काढली. लोकलने मळवलीला उतरायचं, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गावात जायचं, लेण्यांच्या बाजूने विसापूर चढायचा, पलीकडे गायमुख खिंडीत उतरायचं, तिथून लोहगड आणि मग लोहगडवाडीवरून रस्त्याने पुन्हा भाजे आणि मळवली. कागदावर पेन्सिलीने काढलं तर सुबक वाटोळं होत होतं. त्याच्या माहितीप्रमाणे या फेरीची श्रेणी 'मध्यम' होती.

'मध्यम' हा शब्द ऐकताच आम्हां सर्वांना एकदम घरच्यासारखं वाटलं. आम्ही मध्यमवर्गीय. मध्यम आकाराच्या शाखेत मध्यम पगारावर आहोत, गाण्यातही फार तर मध्यमापर्यंत पोचतो. पुढे चौकशीअंती कळलं की डोंगरातला मध्यम निराळा. किल्ला सोपा आहे असं सांगणारे बहुतेक जण तिथे गेलेले नसतात, कठीण म्हणणारे अर्ध्यातून परत आलेले असतात आणि मध्यम म्हणणारे जाऊन येऊन आठ दिवस रजेवर असतात.

फेरीविषयी माझी एक तात्त्विक शंका होती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दिवसभर चालून जर आपण मळवली स्टेशनावरून मळवली स्टेशनावरच येणार असू, तर जमा आणि नावे दोन्ही बाजू सारख्या, शिल्लक शून्य. मग केलं काय? ऑफिसर म्हणाला, "त्याला अनुभव म्हणतात." अनुभवाचं लेजर कुठे असतं ते मला माहीत नाही, म्हणून मी गप्प बसलो. पण फेरीची एक खरी अडचण माझ्या लक्षात आली. गेल्या वाटेने परत यायचं असेल तर थकलेला माणूस हवा तिथून मागे फिरू शकतो. फेरीत तसं नसतं. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर मागचं अंतर पुढच्या अंतरापेक्षा जास्त होतं, म्हणजे थकलेल्याला पुढेच जावं लागतं. गृहकर्जासारखं आहे हे. तेव्हा कोण किती चालू शकतो याचा विचार वर जाऊन करता येत नाही, तो खालीच करून ठेवायला हवा.

तो करायचं सूत्रही सापडलं. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकाने हिशेब मांडून ठेवला आहे : दर तीन मैलांना एक तास आणि चढायच्या दर दोन हजार फुटांना वर आणखी एक तास. फेरी दहा मैल धरली, दोन्ही किल्ल्यांचा चढ मिळून दोन हजार फूट धरला, तर सव्वाचार तासांच्या थोडं वर उत्तर येत होतं. त्यात जेवण, फोटो आणि 'आता जरा बसू या' यांचे तास मिळवले आणि बँकेची माणसं म्हणून, बुडीत कर्जाला करतात तशी, शंभर टक्के तरतूद केली. नऊ तास झाले. पहाटेची लोकल, संध्याकाळची परत. जानेवारीतला दुसरा शनिवार. (२०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे. जनतेला वाटतं, आम्ही सगळेच शनिवार सुट्टीवर असतो.)

एवढ्या हिशेबात विसापूरची गोष्ट राहिली. आमच्यापैकी तिघांना वाटत होतं की लोहगड हाच मुख्य किल्ला आणि विसापूर आपला शेजारी. नाव लोहगडाचं. सुरतेची लूट लोहगडावर, नाना फडणिसांचा खजिना लोहगडावर, नाना १८०० साली गेल्यावर त्यांची पत्नी जिऊबाई काही काळ आश्रयाला होती तीही लोहगडावर. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे लोहगडाचे अजून शाबूत आहेत. २०२५ साली जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यातही लोहगड आहे, विसापूर नाही. पण उंचीला विसापूर जास्त, सुमारे साडेतीन हजार फूट, आणि इतका जवळ की तिथून लोहगडावर नजरच काय, तोफही टाकता येते. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी हे बरोबर ओळखलं. त्यांनी आधी विसापूर घेतला, मग लोहगड आपोआपच पडला. आणि पुन्हा त्रास नको म्हणून दरवाजे सुरुंगाने उडवले ते विसापूरचे. कोकणाकडचा आणि देशाकडचा, दोन्ही. आज तिथे पडकी तटबंदी, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा आणि ऐसपैस पठार एवढंच उरलं आहे. ज्याच्यापासून धोका होता तो मोडला आणि ज्याच्यापासून नव्हता त्याचे दरवाजे राखले, असा तो सगळा हिशेब. हे वाचल्यापासून मला विसापूरबद्दल जिव्हाळा वाटायला लागला. आमच्या खात्यात असे दोन-तीन विसापूर मी पाहिले आहेत. सध्या ते दूरच्या शाखांमध्ये असतात.

आता नाना. फडणीस नव्हेत, आमचे हेडकॅशियर. त्यांनाही सगळे नानाच म्हणतात. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्यांच्या कमरेला असते. त्यामुळे आम्ही रोज दुपारी 'किल्ल्यांचं' काय बोलतो आहोत हे ऐकून ते प्रथम दचकलेच होते. खुलासा झाल्यावर खूष झाले. वय एकोणसाठ, मेअखेर निवृत्त होणार. उजवा गुडघा गेली सात वर्षं कामातून गेलेला. रोख मोजताना तो पाय ते काउंटरखाली सरळ सोडून बसतात आणि उठताना टेबलाला, देवाला आणि रिझर्व्ह बँकेला असा तिहेरी आधार मागतात. त्यांनी आमचा वाटोळा नकाशा चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला आणि विचारलं,

"किती वाजता निघायचं?"

'मी येऊ का' असं विचारलं असतं तर उत्तर देता आलं असतं. 'किती वाजता' ला एकच उत्तर असतं, ते म्हणजे वेळ. कर्जवाला म्हणाला, "अजून ठरतंय, नाना." नाना समाधानाने कॅशकडे गेले आणि इकडे आमची तातडीची सभा भरली.

सभेत जे बोलणं झालं ते मी प्रामाणिकपणे देतो. ऑफिसर म्हणाला, "त्यांचा गुडघा बघता त्यांनी येणं त्यांच्याच दृष्टीने योग्य नाही." कर्जवाला म्हणाला, "विसापूरला धड पायऱ्या नाहीत, दगडांच्या घळीतून उतरायचं आहे. त्यांचं काही झालं तर वहिनींना काय सांगणार?" मी म्हणालो, "शिवाय ब्लडप्रेशर." मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही आणि ऑफिसर हळूच म्हणाला, "आणि संध्याकाळची लोकल चुकेल." आधीची सगळी कारणं नानांच्या काळजीची होती. हे एकच कारण आमच्या काळजीचं होतं. पण ते बोललं गेल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. आमचा शिपाई मात्र मावळातला. त्याची आई विसापूरच्या पायथ्याला गुरं राखायची. तो कप विसळता विसळता म्हणाला, "न्या की नानांना. बसतील खाली." शिपाई बोलला म्हणून ते इतिवृत्तात आलं नाही.

ठरलं असं की, नानांना सहल रद्द झाली म्हणून सांगायचं. आणि ते मी सांगायचं. कारण मी अधूनमधून छापून येतो. "तुला काय, सवय आहे," कर्जवाला म्हणाला.

मी मंगळवारी दुपारी नानांच्या काउंटरवर गेलो. म्हणालो, "नाना, ते आपलं शनिवारचं पुढे ढकललंय. ऑफिसरांच्या घरी पाहुणे आहेत." ऑफिसरांच्या घरी पाहुणे होतेच, त्यांच्याकडे कायमच असतात. म्हणजे वाक्याचा दुसरा भाग शंभर नंबरी खरा होता. इथे मला धर्मराजाची आठवण झाली. 'नरो वा कुंजरो वा' करताना त्यानेही असाच एक भाग खरा ठेवला होता आणि तरीही त्याचा चार अंगुळं वर चालणारा रथ जमिनीला टेकला. आमची स्कूटर मुळातच जमिनीवरून, किंबहुना खड्ड्यांतून चालते. त्यामुळे मला शिक्षा ताबडतोब समजून आली नाही.

नाना म्हणाले, "बरं." बस, एवढंच. नोटांचं बंडल मशीनवर ठेवलं. मग खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. "राहू दे तुझ्याजवळ. पुढे कधी जाल तेव्हा उपयोगी पडेल."

जुन्या व्हाउचरच्या पाठीवर, ठेवीदाराच्या नावाइतक्या स्वच्छ अक्षरात त्यांनी सगळं लिहिलं होतं. नोकरीला लागले त्या वर्षी ते त्यांच्या तुकडीबरोबर गेले होते. पाणी घरूनच न्या, टाक्यातल्या पाण्यावर विसंबू नका. विसापूरचं पठार मोठं आहे, मध्ये घुसलात तर चुकाल, तटाच्या कडेकडेने चाला. मारुती दिसला की नमस्कार करा. घळीत उतरताना घाई नको, आधी काठी, मग पाय. लोहगडावर गेलात तर विंचूकाट्याच्या टोकापर्यंत जा, उन्हात बसू नका. खाली तळटीप : 'पासिंग ऑफिसर यांस टोपी आणावयास सांगणे.'

त्या रात्री मला झोप आली नाही. सौ.ने विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही लोकांच्या भल्यासाठीसुद्धा खोटं बोलता? मला वाटत होतं, फक्त माझ्याशी." आणि कूस बदलून झोपली. मी वर पंख्याकडे पाहत विचार करत राहिलो.

वाचकहो, माझ्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. गुडघा नानांचा, हे कबूल. त्यांनी तो वापरावा की मोडावा हे त्यांनी ठरवावं, हेही कबूल. पण विसापूरच्या घळीत तो गुडघा धरून बसला तर तो एकट्या नानांचा राहत नाही, चौघांच्या खांद्यांवर येतो. डोंगरात एकत्र निघालेली माणसं एकमेकांना जामीन असतात. जामीनदाराला कर्जदाराची कुवत पाहण्याचा हक्क आहे, आणि नाही म्हणण्याचाही आहे. इथपर्यंत माझा हिशेब जुळत होता. जुळत नव्हतं ते पुढचं. मी नानांना 'नाही' म्हटलंच नव्हतं. मी त्यांना 'लिंक नाही' म्हटलं होतं.

बँकेत ज्याने पाऊल ठेवलं आहे त्याला हे दोन शब्द माहीत आहेत. कधी कधी लिंक खरोखरच जाते. पण कधी कधी पासबुक भरायचं मशीन बिघडलेलं असतं, कधी साहेबांची सही व्हायची असते, कधी चारला पाच मिनिटं असतात, आणि समोरच्या म्हाताऱ्याला यातलं काहीही समजावून सांगण्यापेक्षा 'लिंक नाही' हे सोपं पडतं. त्यात कुणाचा दोष निघत नाही. त्याला राग येत नाही, आपल्याला वाद घालावा लागत नाही, दोघंही आकाशाकडे पाहतो. आजवर मी समजत होतो की हे मी म्हाताऱ्याच्या सोयीसाठी बोलतो. त्याला कर्ज मिळणार नाही हे तोंडावर ऐकून वाईट वाटेल म्हणून. त्या रात्री पंख्याखाली लक्षात आलं की त्याला वाईट वाटताना मला बघावं लागू नये म्हणून बोलतो. आणि त्यात त्याचं एक नुकसान होतं. 'नाही' म्हटलेला माणूस भांडू शकतो, दुसऱ्या बँकेत जाऊ शकतो. 'लिंक नाही' म्हटलेला माणूस नुसता उद्या पुन्हा येतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याचं म्हणणं तर याहून कडक. १७९७ साली त्याने एक निबंध लिहिला : खुनी माणूस दाराशी येऊन तुमच्या घरात लपलेल्या मित्राबद्दल विचारत असेल, तरी खोटं बोलू नका. हे मला अतीच वाटतं. पण कांटची दुसरी माहिती अशी की तो रोज ठरल्या वेळी फिरायला निघून आपल्याच घरी परत यायचा, म्हणजे हाही गोल फेरीचाच माणूस, आणि एकटा फिरायचा. एकट्याने फिरणाऱ्याला खरं बोलणं परवडतं. बरोबर चार माणसं, एक लोकल आणि एक गुडघा असता तर त्याने काय केलं असतं ते वाचायला मला आवडलं असतं.

शुक्रवारी रोख बंद झाल्यावर मी नानांच्या पिंजऱ्याशी गेलो. "नाना, सहल रद्द झालेली नाही. उद्या आम्ही जातोय."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तूच. मंगळवारी." नाना बंडलांवर शिक्के मारत होते. "अरे, सदतीस वर्षं मी हेच करतोय. लिंक नव्हती तेव्हा आम्ही 'साहेब जागेवर नाहीत' म्हणायचो. लिंक खरोखर गेली असली की माणूस वैतागलेला असतो. थाप असली की तो नम्र होतो. तू त्या दिवशी फारच नम्र होतास."

मी गुडघ्याबद्दल, घळीबद्दल, जामीनदाराबद्दल, जे जे रात्री जुळवलं होतं ते सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबरच आहे. मला नेऊ नये हे मलाही पटतं. पण खातं बंद करायला खातेदाराची सही लागते की नाही? तुम्ही चौघांनी बसून परस्पर बंद केलंत." शिक्का शाईत बुडवून ते जरा थांबले. "आणि मला वर यायचं होतं असं कोण म्हणालं? मी किती वाजता निघायचं ते विचारलं. मला भाज्यापर्यंत यायचं होतं. लेण्यांत बसलो असतो. तुमची फेरी संध्याकाळी भाज्यावरूनच परत येते ना?"

येत होतीच. तीन आठवडे तो वाटोळा कागद आमच्यासमोर होता. सकाळी भाजे, संध्याकाळी भाजे. पेन्सिलीने दोनदा लिहिलं होतं. 'बसतील खाली', असं शिपाई म्हणालाही होता.

शनिवारी नाना आले. टोपी, काठी, डबा, वर्तमानपत्र. मळवलीहून भाज्यापर्यंत रिक्षा करून आमच्या आधीच पोचले. लेण्यांच्या पायऱ्या मात्र त्यांना वीस मिनिटं लागल्या आणि तेवढा वेळ आम्ही चौघं त्यांच्या मागे एक-एक पायरी चढत होतो. कुणाचीही लोकल चुकली नाही. बावीसेक शतकं जुन्या चैत्यगृहासमोर त्यांना बसवलं. ते छताच्या लाकडी कमानींकडे पाहत म्हणाले, "जा तुम्ही. इथे कुणाला घाई दिसत नाही."

चढाईबद्दल फारसं लिहीत नाही; नेस्मिथसाहेबांच्या सूत्रावर माझा आता विश्वास राहिलेला नाही. विसापूर सुंदर आहे. पठारावर वाळकं सोनेरी गवत, कडेकडेने लांबच लांब तट, आणि ज्यांचे दरवाजेच उडवले आहेत अशा दरवाजांतून येणारा भन्नाट वारा. मारुतीला नमस्कार केला. नाही म्हणायला आम्ही मध्ये घुसलो आणि चुकलो. शिपायाने आम्हांला गुरांसारखं हाकून पुन्हा तटाला लावलं. घळीत उतरताना मी आधी पाय टाकला आणि मग काठी. गायमुख खिंडीत आलो तेव्हा माझा डावा गुडघा माझ्याशी बोलत नव्हता. घड्याळात बारा असायला हवे होते, तिथे तीन वाजत आले होते.

समोर लोहगड. कर्जवाल्याने घड्याळ पाहिलं, ऑफिसरने माझ्या पायाकडे पाहिलं आणि दोघं जरा बाजूला जाऊन बोलले. मग ऑफिसर माझ्याजवळ येऊन बसला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला,

"तुम्ही असं करा, रस्त्याने सावकाश खाली नानांकडे चला. आम्ही पटकन जाऊन येतो. तसं लोहगडावर बघण्यासारखं विशेष काही नाही."

चार दरवाजे, नाना फडणिसांची सोळा कोनी बाव, विंचूकाटा, जागतिक वारसा. बघण्यासारखं विशेष काही नाही! मला राग आला. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी, रागाच्या बरोबरीने, असं काही हायसं वाटलं की काय सांगू. हे दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला अजून उलगडलेलं नाही. नानांनाही मंगळवारी हायसं वाटलं असेल का? तसं असेल तर माझा निम्मा अपराध माफ. पण ते त्यांना विचारायचा धीर अजून झालेला नाही.

मी म्हणालो, "बरं."

उतारावरून एकटाच खाली आलो. शिपाई सोबत येत होता, त्याला मीच परत पाठवला. भाज्यात लेण्यांच्या पायऱ्यांखालच्या टपरीवर नाना बाकावर उजवा पाय सरळ सोडून बसले होते. वर्तमानपत्राचं शब्दकोडं सुटलेलं होतं. मला एकट्याला लंगडत येताना पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"हे काय? लोहगड?"

"बंद होता, नाना," मी म्हणालो. "लिंक नव्हती."

नाना इतके हसले की टपरीवाला आधण सोडून बघायला आला. मग डोळे पुसत त्यांनी दोन चहा सांगितले, पिशवी उघडली आणि आतून एक घडी न मोडलेला गुडघ्याचा पट्टा काढला.

"कुठला? डावा ना? घाल. हे दुकानात जोडीनेच मिळतात. माझा उजवा, त्यामुळे सात वर्षं हा डाव्याचा नुसता पडून आहे."